उलट बाजूचं आभाळ

आम्ही कापडी छपरं शिवतो. दुकानांपुढची छपरं, मालावर टाकायच्या ताडपत्र्या, मैदानात लावायचे तंबू, जे येईल ते. नवरा गेला तेव्हापासून दुकान माझं. मुलगा लांबच्या शहरात नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. फोनवर ‘तब्येत सांभाळ’ म्हणतो, जशी काही तब्येत म्हणजे शेजाऱ्यांनी आठवडाभरासाठी सोपवलेलं मांजर. घरात उरलो मी आणि माझी लेक. दिवसा दोरवाला असतो. तो नवऱ्याच्या वेळचा माणूस. दोर ओवायचे, पितळी कड्या ठोकायच्या आणि मला वहिनी म्हणत टोमणे मारायचे, ही त्याची कामं. शेवटच्या कामात त्याचा हात कधी थरथरला नाही.

लेकीचं लग्न झालं नाही. का झालं नाही हे विचारायला बरेचजण येऊन गेले. त्यांना मी चहा दिला नाही. ती चाळिशीला टेकली आहे, आणि गेली कित्येक वर्षं जाड कापडावरची हातशिलाई सगळी तिचीच. मी आता सुईत दोरा ओवायचा तर खिडकीपाशी जाते, आणि खिडकीपर्यंत जायचं तर गुडघ्यांची समजूत काढावी लागते. कापणी तेवढी अजून माझ्याकडे आहे. ती मी कुणाला दिली नाही. पण कापून ठेवलेलं कापड आपोआप शिवलं जात नाही, हे मलाही कळतं. लेक आहे म्हणून दुकान आहे.

तर अशात ती ताऱ्यांची बाई आली. पन्नाशीची असेल. पायात धुळीची पायताणं, गळ्याला लोकरीचा मफलर, आणि आवाज असा बसलेला की मला वाटलं भांडून आली आहे. ती गावोगावच्या शाळांतून मुलांना काळ्या तंबूत बसवते आणि दिवसाढवळ्या आभाळ दाखवते. बाहेर लोखंडी कमानींवर जाड आवरण, त्याच्या आत काळ्या कापडाचा घुमट, दोन्हींच्या मधे दिवे. कापडाला भोकं पाडलेली. भोकांतून उजेड आत येतो, त्या चांदण्या. तिचा आतला घुमट विरून गेला होता, तो नवा हवा होता.

“आणि चांदण्यांच्या भोवती चित्रं पण हवीत, काकू,” ती म्हणाली. “राखाडी दोऱ्याने. अगदी फिकी. अस्वल, शिकारी, विंचू, राणी. जुन्या ग्रीक गोष्टींतली. मी गोष्ट सांगते तेव्हा मुलांना ती हळूहळू दिसायला लागतात.”

“आम्ही छपरं शिवतो,” मी म्हणाले. “पण ही शिवेल. हिचं शिवण उलटून बघा आणि सुलट बाजू कुठली ते सांगा.”

मी एक जुना तुकडा तिच्यासमोर टाकला. तिने तो उलटला, पुन्हा उलटला. टाका दोन्हीकडून एकसारखा. लेक खाली मान घालून दोऱ्याला मेण लावत होती. माझं असं सुरू झालं की तिचं मेण संपत नाही.

“पण चित्रं कुणाची आहेत हे माहीत असावं लागेल,” बाई म्हणाली. “नाहीतर अस्वलाचा कुत्रा होतो.”

“एकदा ऐकली की पुरे. ही ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते. लहानपणी मी हिला कुणाचं भांडण ऐकायला पाठवायचे, ही परत येऊन दोघींचे आवाज काढून दाखवायची.”

दोरवाला कडी ठोकता ठोकता थांबला. “वहिनी, दुकान विकताय का पोरगी?”

त्याला मी उत्तर दिलं नाही. सगळ्यालाच उत्तर देत बसलं तर कापणी कधी करणार.

काम घेतलं. घुमट म्हणजे उभ्या पाकळ्या, सोललेल्या संत्र्यासारख्या, वर निमुळत्या. प्रत्येक पाकळीचा कागदी साचा बाईने आणला होता. त्यावर चांदण्यांची टिंबं आणि चित्रांच्या रेघा, खाली बसून वर बघितल्यावर जसं दिसेल तसं. मी ठरवलं की लोक आतून बघणार, तेव्हा कापडाची तुकतुकीत सुलट बाजू आत. आणि खुणा करायच्या त्या उलट बाजूला, कारण आमच्यात खडू सुलट बाजूला कधी लागत नाही. सासूबाईंनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट ती. साचे उलट बाजूवर पसरले, टोचणीने भोकं टोचली, कापलं. लेकीने मग त्या भोकांवरून सुलट बाजूने चित्रं भरायला घेतली.

बाई रोज दुपारी येऊन बसायची आणि त्या बसलेल्या आवाजात गोष्टी सांगायची. डॉक्टरने तिला गप्प राहायला सांगितलं होतं, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि त्यानंतर तासभर बोलली.

राणीची गोष्ट निघाली त्या दिवशी मीपण हातात सुई घेतली होती. लेकीवर सगळा भार नको म्हणून एक चित्र मी घेतलं होतं, खुर्चीवर बसलेल्या बाईचं. नाव कॅसिओपिया. ते नाव माझ्या तोंडात बसेना, म्हणून मी तिला खुर्चीवाली म्हणायला लागले.

“ही राणी म्हणाली की माझी मुलगी समुद्रातल्या सगळ्या पऱ्यांपेक्षा देखणी आहे,” बाईने सांगितलं. “पऱ्यांनी समुद्राच्या देवाकडे तक्रार केली. त्याने एक राक्षसी मासा धाडला. किनाऱ्यावरची गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली. मग भविष्य सांगणारा म्हणाला, मुलीला खडकाला साखळीने बांधा, तरच हे थांबेल. बांधली. अँड्रोमेडा तिचं नाव.”

“बांधली कुणी?” मी विचारलं.

“आईबापांनी.”

“बाप काय करत होता एवढा वेळ?”

“तोही आहे आभाळात. शेजारीच.”

“म्हणजे तिथेही नुसता उभा.”

दोरवाला हसला. लेकही हसली, दातांनी दोरा तोडताना.

“मग एक वीर उडत आला, त्याने माशाचा दगड करून टाकला आणि मुलीला सोडवलं. राणीला मात्र समुद्राच्या देवाने शिक्षा दिली. तिला खुर्चीसकट आभाळात बसवलं, ध्रुवाभोवती फिरत ठेवलं. अर्धा वेळ ती खाली डोकं वर पाय अशी लटकते.”

“आपल्या लेकीला चांगलं म्हणाली म्हणून?”

“बढाई मारली म्हणून.”

“मग काय शेजारणीच्या लेकीची मारायची होती? आपल्या पोरीला आईने चांगलं म्हणायचं नाही, आणि लोक तर म्हणणारच नाहीत. मग म्हणायचं कुणी?”

“वहिनी,” दोरवाला म्हणाला, “आपल्याकडे समुद्र नाही ते बरं आहे.”

मला त्यापेक्षा अस्वलाची गोष्ट पटली. कॅलिस्टो म्हणून एक पोरगी होती. मोठ्या देवाची तिच्यावर नजर गेली, आणि त्याच्या बायकोने राग कुणावर काढला, तर पोरीवर. तिचं अस्वल केलं. पुढे तिचाच मुलगा भाला घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. ओळखणार कसा. तेव्हा देवाने दोघांना उचलून आभाळात ठेवलं. बायकोला तेही बघवेना. तिने समुद्राला सांगितलं की हिला तुझ्या पाण्यात पाऊल टाकू देऊ नकोस. सगळे तारे दमून खाली समुद्रात उतरतात, अंग धुतात, निजतात. अस्वल तेवढं उतरत नाही. ते रात्रभर ध्रुवाभोवती चालतं.

“ही मी,” मी म्हणाले.

“आई, तू खुर्चीवाली आहेस,” लेक म्हणाली.

“मला बसायला खुर्ची दिसते का कुठे?”

खरंच, त्या दिवसांत मला फार थकायला होत होतं. सकाळी उठल्यावर जो थकवा असतो तो रात्रीच्या थकव्यापेक्षा वाईट. रात्रीचा निदान कमावलेला असतो.

असं काम निम्म्यावर आलं आणि एका दुपारी बाईचा आवाज गोष्टीच्या मधेच गेला. शिकारी आणि विंचवाची गोष्ट चालली होती. बाईने तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. तिने लेकीकडे हात केला. लेकीने सुई न थांबवता गोष्ट पुढे उचलली. शिकाऱ्याने फुशारकी मारली की जगातलं एकही जनावर मी सोडणार नाही. जमिनीतून एवढासा विंचू निघाला आणि त्याने शिकाऱ्याला संपवलं. तेव्हापासून विंचू उगवायला लागला की शिकारी मावळतो, दोघं एका आभाळात कधी दिसत नाहीत. एवढंच. पण सांगताना तिने आवाज असा खाली नेला की दोरवाल्याने पाय वर उचलून घेतले. जमिनीकडे बघतसुद्धा होता.

बाई दुसऱ्या दिवशी मला एकटीला गाठून बोलली. कुजबुजतच, पण आता कुजबुज हाच तिचा आवाज होता.

“काकू, मला हिला बरोबर न्यायचं आहे. घुमट झाला की शाळांचा फेरा सुरू होतो. मी दिवे सांभाळीन, गोष्टी ही सांगेल. माझ्याने आता होणार नाही.”

“तिला विचारलंत?”

“विचारलं. ती म्हणाली, आईला विचारा.”

“फेरा संपला की परत?”

“एक संपला की दुसरा असतो,” ती म्हणाली. खोटं बोलली नाही, हे तिचं मला आवडलं आणि आवडलंही नाही.

“घुमट होऊ दे,” मी म्हणाले. “मग बघू.”

रात्री जेवताना लेकीने विषय काढला नाही. मीही काढला नाही. पण ताटं उचलताना ती काहीतरी पुटपुटत होती. कान दिला तर गोष्टच सांगत होती, स्वतःला, ताटाला. आवाजात एक उजेड होता. माझ्याशी बोलताना तो मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. मी बिछान्यावर पडले आणि विचार केला की ही गेली तर काय. मशीनवरची शिलाई बाहेरून करून घेता येईल, पण हातशिलाई कोण करणार. दोरवाल्याला डोळे नाहीत, मला बोटं नाहीत. दोघांचं मिळूनही एक धड माणूस होत नाही. दुकान मिटेल. आणि दुकान मिटलं की मी दिवसभर काय करणार, मुलाचा फोन कधी येतो याची वाट बघणार?

घुमट झाला. मागच्या मोठ्या खोलीत कमानी उभ्या केल्या, आवरण टाकलं, आतला घुमट फितींनी कमानींना बांधला. फिती पाकळ्यांच्या जोडावर बाहेरून शिवलेल्या. दुपारची वेळ होती. बाई आत जाऊन मधोमध जमिनीवर बसली. लेक तिच्याजवळ. मी दाराच्या पडद्याला धरून उभी राहिले, कारण खाली बसले तर उठवायला माणूस लागतं. दोरवाल्याने दिवे लावले.

आभाळ आलं. इतक्या वर्षांत आमच्या हातून इतकं चांगलं काही झालं नव्हतं, हे मी तेव्हाच समजले. लेकीची चित्रं अंधारात पोहत होती.

बाई मान वर करून बघत राहिली. मला वाटलं, भारावली.

“अस्वल कुठे निघालंय?” तिने शेवटी विचारलं.

“म्हणजे?”

“काकू, अस्वल उलटं चाललंय. शिकारीपण. सगळंच आरशातलं आहे.”

लेकीने वर बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. तिला क्षणात कळलं होतं आणि मलाही. बाईचे साचे आतून बघायचे होते, आणि मी ते कापडाच्या पाठीवर पसरले होते. पाठीवर डावीकडे चालणारं अस्वल पोटाकडून बघणाऱ्याला उजवीकडे चालताना दिसणारच. दुकानाच्या छपरावर डावंउजवं कोण बघतं. दोन्ही टोकं सारखीच. आम्हाला ते बघायची सवयच नाही.

“कापणी मी केली,” लेक म्हणाली.

मी तोंड उघडलं, पण तिने माझ्याकडे बघितलंच नाही. “माझी चूक आहे, बाई. आईची कापणी चुकत नाही. या खेपेला मी हट्ट धरला.”

दोरवाला बाहेर दिव्यांपाशी उभा होता. त्याने खोकल्यासारखं केलं.

बाई रागावली नाही. रागवायलाही आवाज लागतो. ती हळू म्हणाली, “मुलं घरी जाऊन खऱ्या आभाळात शोधतात. त्यासाठीच तर हे सगळं. असं दाखवलं तर त्यांना एकही सापडणार नाही.” आणि मग, “शाळा उघडायच्या आत नवीन होणार नाही. यंदाचा फेरा गेला.”

“मग मी इथेच आहे,” लेक म्हणाली.

ती हे अगदी साधं म्हणाली, जसं कुणी म्हणतं, दूध तापवून ठेवलंय. आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. हे सांगायला मला काही वाटत नाही. कुठल्या आईचा उतरला नसता.

आता एक सांगते. तंबू शिवणाऱ्या बाईला अशा वेळी काय करायचं ते सुचायला वेळ लागत नाही. मला तिथेच, पडद्याला धरून उभी असताना सुचलं होतं. घुमट उलटा करायचा. उशीचा अभ्रा उलटतो तसा, आतलं बाहेर, बाहेरचं आत. मग अस्वल सरळ चालेल. जोड आम्ही दुमडून दोन्हीकडून दाबतो, ते कुठूनही सारखेच दिसतात. लेकीचे टाके तर उलटसुलट एकच. फिती तेवढ्या उसवून दुसऱ्या बाजूला लावायच्या. काही दिवसांचं काम.

मी बोलले नाही. दिवे मालवायला सांगितले आणि चहा टाकायला गेले.

ती संध्याकाळ फार लांबली. लेकीने कुणाच्या तरी दुकानाचं छप्पर दुरुस्तीला घेतलं होतं, ते मांडीवर घेऊन बसली. कडेचा फाटका दोर काढला, नवा घातला. पुटपुटत नव्हती. मी विचारलं, “पाय चेपशील का जरा?” तर आली, चेपले. तिच्या बोटांत जोर नेहमीइतकाच. मी डोळे मिटून पडले आणि स्वतःला सांगितलं की मी काही केलेलं नाही, नुसती गप्प आहे. गप्प राहणं हे काही करणं नसतं. अशी समजूत काढता काढता मला झोप लागायला हवी होती, ती लागली नाही.

सकाळी बाई आपल्या कमानी न्यायला आली. तिचा फोन वाजला. ती खोलीच्या दारात उभी राहून कुणाला तरी सांगत होती, आणि कुजबुजणारी माणसं फोनवर जास्तच जोर लावतात, त्यांना वाटतं ऐकूच जात नाही.

“नाही, यंदा नाही... घुमट बिघडला. शिवणाऱ्यांनी बिघडवला... काय करणार, छपरं शिवणारे लोक. चांगली माणसं आहेत, पण...”

मी हातातली कात्री खाली ठेवली.

छपरं शिवणारे लोक. सासऱ्यांपासून या दुकानातून एक ताडपत्री बिघडून बाहेर गेलेली नाही. वादळात लोकांची छपरं उडाली, आमची कमान वाकली पण कापड फाटलं नाही. आणि ही माझ्या दारात उभी राहून माझ्या कामाला बिघडलेलं म्हणते, आणि वर चांगली माणसं म्हणते. चांगली माणसं कोण असतात? ज्यांना काही येत नाही ती.

“बाई,” मी म्हणाले, “फोन ठेवा.”

तिने ठेवला.

“कापणी माझी होती. लेकीचा त्यात हात नाही. आणि घुमट बिघडलेला नाही, उलटा टांगलाय. आतलं बाहेर करा, आभाळ सरळ होईल.”

बाईला समजायला वेळ लागला. तिने गळ्यातला मफलर काढून उलटासुलटा करून बघितला. आणि मग ती खाली बसली.

मी लेकीकडे वळले. मला वाटलं ती चकित होईल. ती सुईला दोरा लावत होती.

“माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“उलटा करता येईल ते. काल तिथेच सुचलं.”

“मग बोलली का नाहीस?”

तिने दोरा सुईतून ओढून घेतला. मग म्हणाली, “उलटा केला की तुझी खुर्चीवाली आत येते ना. पाठीकडून.”

माझ्या एकदम ध्यानात आलं. तिची चित्रं दोन्हीकडून सारखी. माझं चित्र सुलट बाजूने ठीक होतं, पण पाठीला गाठी, सुटलेले दोरे, जिथे बोट वळलं नाही तिथे टाक्यावर टाका. तिने ते बघितलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. उलटं केलं तर ते सगळं सगळ्यांच्या डोक्यावर येणार होतं. म्हणून ती आपला फेरा सोडून फाटकी छपरं दुरुस्त करायला बसली होती.

“मला झाकतेस?” मी म्हणाले. “मी काय म्हातारी झाले का?”

“झालीस,” दोरवाला म्हणाला. मघापासून तो गप्प होता, त्याला ते जड गेलं असणार.

“तू कड्या ठोक.”

“आई, मी रात्रीतून तेवढं चित्र उसवून नवीन भरते,” लेक म्हणाली. “कुणाला कळणार नाही.”

“माझ्या शिवणाला कुणी हात लावायचा नाही. गाठी आहेत तर आहेत.”

“अंधारात दिसणारही नाहीत, काकू,” बाई म्हणाली.

“दिसतील. दिसू देत. नाहीतरी ती शिक्षा भोगतेय, तिला कशाला नीटनेटकं बसवायचं.”

मग फिती उसवायला बसलो. लेक आणि दोरवाला एका बाजूने, मी दुसऱ्या. उसवणं मला अजून जमतं, त्याला माझी बोटं चालतात. काम संपायच्या आत मी दोनदा बसल्या जागी झोपले. दोघांनी मला उठवलं नाही, आणि दोरवाल्याने माझ्या मांडीवरच्या फितीही उसवून टाकल्या. त्यासाठी त्याला मी बोललेच.

फिती दुसऱ्या बाजूला लावून काही दिवसांनी घुमट पुन्हा टांगला. या वेळी मला आत एक स्टूल दिलं. दिवे लागले आणि अस्वल जिकडे जायचं तिकडे निघालं. बाई वर बघून नुसती मान हलवत राहिली. आणि मग लेकीला म्हणाली, “चल, सांग. मुलं बसली आहेत समज.”

मुलं म्हणजे मी आणि दोरवाला.

तिने खुर्चीवालीचीच गोष्ट घेतली. मुद्दाम घेतली की काय माहीत नाही. तिने गोष्ट बदलली नाही, मला बरं वाटावं म्हणून कुठे गोडवा घातला नाही. राणी बढाई मारते ते तिने माझ्याच आवाजात म्हटलं. मी ओळखलं, दोरवाल्यानेही ओळखलं, त्याचं पोट हलताना अंधारातही कळलं. खडकावरच्या पोरीपाशी आल्यावर तिचा आवाज मोकळा झाला. लाटा, साखळीचा गारठा, लांबून येणारा मासा, सगळं. मी वर बघितलं. खुर्चीवालीच्या गाठी दिसत होत्या. एका गाठीतून सुटलेला दोरा खाली लोंबत होता आणि दिव्यांच्या उबेने हलत होता, जशी एखादीच्या कपाळावरची बट. वाईट दिसत नव्हतं. चांगलंही दिसत नव्हतं.

गोष्ट संपली. बाई रडत होती की गळा साफ करत होती, ते तिच्या आवाजावरून कळायला मार्ग नव्हता.

“पोरीला चांगलं म्हणायचं नाही, असं ठरलंय ना,” दोरवाला म्हणाला. “मग मी आपला गप्प बसतो.”

संध्याकाळी घुमट उतरवला. एवढं कापड एकटीला घडी घालता येत नाही. दोन टोकांना दोघी उभ्या राहायचं, ताणायचं, झटकायचं, मग चालत एकमेकींकडे यायचं, टोकं जुळवायची, एकीने घ्यायची, दुसरीने वाकून खालची घडी उचलायची. बाई गाडीत कमानी भरत होती. पहिल्यांदा जवळ आलो तेव्हा तिने माझ्या हातातली टोकं घेतली. दुसऱ्यांदा आलो तेव्हा ती म्हणाली, “मी नाही गेले तरी चालेल, आई.”

“कुणाला चालेल?”

ती मागे गेली. कापड ताणलं. परत आली.

“तुला.”

“मला चालेल,” मी म्हणाले. “म्हणूनच जा. मला चालेल असंच केलंस तर तू मी मरेपर्यंत इथे छपरं शिवशील, आणि त्यानंतर माझ्या फोटोखाली बसून शिवशील.”

“मग दुकान?”

“दुकानाचं मी बघीन.”

“तुझ्याने हातशिलाई होणार नाही.”

“होणार नाही. ताडपत्र्या घेईन, मशीनच्या. नाही झालं तर बंद करीन. बंद करायला काही हातशिलाई लागत नाही.”

ती हसली नाही. पुढची घडी अरुंद झाली होती, त्यामुळे आता चालायचं अंतर थोडंच उरलं होतं. तिचे हात माझ्या हातांना लागले, मेणाने चिकट. मला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण चांगलं बोलायला बसले असते तर तिने पुन्हा मान खाली घातली असती.

“मफलर घे,” मी म्हणाले. “त्या बाईचा गळा बघितलास ना. रोज इतकं बोलायचं म्हणजे घसा जपावा लागतो.”

“घेते.”

“आणि रविवारी फोन. ‘तब्येत सांभाळ’ म्हणायला नाही. कुठली गोष्ट सांगितलीस ते सांगायला.”

“बरं.”

शेवटची घडी तिने एकटीने घातली, गुडघ्याने दाबून. दोरवाल्याने ती दोराने बांधली आणि गाठ इतकी घट्ट मारली की लेक म्हणाली, “मामा, हे मला सोडायचं आहे पुढच्या गावात.” त्याने ती थोडी सैल केली. जास्त नाही.

गाडी निघाली तेव्हा अजून उजेड होता. मी दारात फार वेळ उभी राहिले नाही. आत येऊन मोठी खोली झाडली. जमिनीवर काळ्या दोऱ्यांचे तुकडे, उसवलेल्या फितींची धूळ, खडूचे ठसे. दोरवाला त्याचा डबा आवरत होता.

“उद्या किती वाजता येऊ, वहिनी?”

“उशिरा ये,” मी म्हणाले. “मी उशिरा उठणार आहे.”